पुरेसे इंग्रजी, परवडणारा अभ्यास

२००० साली महाराष्ट्रातल्या मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी शिकवायला सुरुवात झाली. तोपर्यंत ही भाषा मुलांना भेटायची ती पाचवीत. तत्कालीन शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे यांच्या काळातल्या या निर्णयावर खूप वाद झाले. पण त्यामागचा न्यायाचा विचार साधा होता. इंग्रजी शाळेची फी ज्यांना झेपत नाही, त्यांच्या मुलांच्याही कानावर ही भाषा लवकर पडावी. त्या पहिल्या वर्गात बसलेली मुले आज तिशीत आहेत. कुणी शेती करते, कुणी औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाते, कुणी अंगणवाडी चालवते, कुणी दुकान सांभाळते. त्यांच्यापैकी असंख्य जणांनी दहा-दहा वर्षे इंग्रजीचा तास अनुभवला आहे. तरीही बँकेचा संदेश आला की मोबाइल दुसऱ्याच्या हातात द्यावा लागतो, औषधाच्या पट्टीवरची मुदत कुणाकडून तरी वाचून घ्यावी लागते आणि ऑनलाइन फॉर्म भरायला सायबर कॅफेवाल्याला पैसे मोजावे लागतात.

त्यांच्या मागून आलेल्या पिढीचीही स्थिती फार निराळी नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने होणाऱ्या ‘असर’ पाहणीत २०२३ साली ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना साधी इंग्रजी वाक्ये वाचायला दिली होती. २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत झालेल्या या पाहणीत ५७.३ टक्के मुलांना ती वाचता आली. ज्यांना वाचता आली, त्यांच्यातल्याही सुमारे तीन-चतुर्थांश मुलांनाच त्यांचा अर्थ सांगता आला. म्हणजे दर दहांतल्या जेमतेम चौघांना वाक्य वाचता आले आणि कळलेही. उरलेल्या सहा जणांना बुद्धी कमी आहे, असे कुणीही म्हणणार नाही. शिकण्याचा क्रम चुकला, सराव तुटला, आणि शाळा सुटल्यावर पुन्हा सुरुवात कुठून करायची हे सांगणारे कुणी भेटले नाही. हे पुस्तक त्यांच्यासाठी आहे. ही प्रस्तावना लिहिताना माझ्यासमोर तेच वाचक आहेत.

मला जे सांगायचे आहे ते सुरुवातीलाच सांगतो. पायापुरते इंग्रजी ही मर्यादित, मोजता येण्याजोगी गोष्ट आहे. ज्याला मराठी नीट वाचता येते त्याला ती फारसा खर्च न करता, स्वतःच्या वेळेत शिकता येते. अट एकच. अभ्यासाची मांडणी अशी हवी की तो कुठल्याही टप्प्यावर थांबला, तरी तोवर शिकलेले वाया जाऊ नये.

हा विचार माझा नाही. तो मांडला मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षकाने, आणि मांडला तो आपल्याच उपखंडात, ढाक्यात. वेस्ट तिथे शिक्षकांना घडवणाऱ्या महाविद्यालयात काम करत होते. बंगालमधली बहुसंख्य मुले शिक्षण अर्ध्यावर सोडतात, हे त्यांनी पाहिले. शाळेचा इंग्रजीचा अभ्यासक्रम मात्र सगळी मुले शेवटपर्यंत टिकणार, असे धरून आखलेला होता. शिक्षणाच्या चौथ्या-पाचव्या वर्षी शाळा सुटलेल्या मुलाच्या हाती त्यातून काहीच लागत नव्हते. १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात वेस्ट यांनी विम्याच्या व्यवहारातली एक कल्पना शिक्षणाला लावली. पॉलिसी मुदतीआधी मोडली तर ‘सरेंडर व्हॅल्यू’ म्हणून काही रक्कम परत मिळते. तसेच अभ्यास मध्येच सुटला तर शिकणाऱ्याच्या पदरात काय पडते, हा प्रश्न प्रत्येक अभ्यासक्रमाला विचारला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे उत्तर होते, वाचन. थोडे वाचता येऊ लागले तरी त्याचा त्या दिवसापासून उपयोग होतो. वाचायला समोर दुसरा माणूस लागत नाही, आणि पुस्तक परत परत उघडता येते.

जवळपास शंभर वर्षांनंतरही घरी शिकणाऱ्या माणसासाठी यापेक्षा शहाणा सल्ला मला माहीत नाही. कारण घरचा अभ्यास तुटतोच. पेरणी येते, पाळी बदलते, घरात आजारपण निघते, मुलांच्या परीक्षा येतात, लग्नसराई येते. महिनाभर वही उघडली जात नाही, मग अपराधी वाटते, आणि त्या अपराधीपणापायी वही कायमची बंद होते. अशा वेळी शिकणाऱ्याला आळशी ठरवणे हा अन्याय आहे. अभ्यासाची आखणी करतानाच या खंडांची सोय करून ठेवायला हवी.

मग पायापुरते इंग्रजी म्हणजे नेमके किती? याचे मोजमाप अनेकांनी केले आहे. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० साली अवघ्या ८५० शब्दांचे ‘बेसिक इंग्लिश’ मांडले. वेस्ट यांनी १९५३ साली सर्वाधिक उपयोगाच्या सुमारे २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साध्या इंग्रजी मजकुरातल्या दर पाच शब्दांपैकी साधारण चार शब्द या यादीतले असतात. अमेरिकेच्या ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ नभोवाणीने १९५९ साली परदेशी श्रोत्यांसाठी सोप्या इंग्रजीतल्या बातम्या सुरू केल्या. त्यांचा शब्दसंग्रह सुमारे दीड हजारांचा होता. जगभरच्या घडामोडी, विज्ञान आणि इतिहासही तेवढ्या शब्दांत सांगता आला. आकडे वेगवेगळे असले तरी त्यांचा रोख एकच आहे. शब्दकोशात लाखो शब्द असतील, पण रोजच्या कामाला दीड-दोन हजार पुरतात.

शिवाय इंग्रजीतले शेकडो शब्द मराठी माणसाच्या तोंडी आधीपासूनच असतात. शेतकरी पंप, मोटर, व्हॉल्व्ह, ड्रिप, सबसिडी हे शब्द रोज वापरतो. दवाखान्यात गेलेली आजी बीपी, शुगर, सलाईन, रिपोर्ट, ऑपरेशन सहज म्हणते. कारखान्यातल्या मुलाला शिफ्ट, ओव्हरटाइम, मशीन, सेफ्टी, सुपरवायझर हे शब्द शिकवावे लागत नाहीत. आवाज आणि अर्थ दोन्ही ओळखीचे आहेत. फक्त त्यांचे इंग्रजी रूप डोळ्यांना ओळखता यायला हवे. म्हणून पहिल्या आठवड्यात नवे शब्द पाठ करू नयेत, ओळखीच्याच शब्दांची यादी करावी आणि त्यांचे स्पेलिंग पाहावे. त्या यादीची लांबी पाहूनच उमेद येते.

वेळेचाही हिशेब प्रामाणिकपणे मांडायला हवा. युरोपीय परिषदेने २००१ साली भाषाज्ञानाची सहा पायऱ्यांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्या पहिल्या दोन पायऱ्या म्हणजे पायापुरती भाषा. स्वतःची ओळख करून देणे, साध्या सूचना आणि पाट्या वाचणे, किंमत-वेळ-पत्ता विचारणे आणि समजणे, घर-काम-कुटुंब यांबद्दल छोट्या वाक्यांत बोलणे, छोटा निरोप लिहिणे, हे सगळे त्यात येते. शून्यापासून दुसऱ्या पायरीपर्यंत पोचायला मार्गदर्शनाखालचा १८० ते २०० तासांचा अभ्यास लागतो, असा केंब्रिजच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा अंदाज आहे. रोज अर्धा तास धरला तर २०० तासांना सुमारे तेरा महिने होतात. शाळेतले जुने इंग्रजी वर आले तर काळ कमी लागेल, मध्ये खंड पडले तर वाढेल. तीस दिवसांत अस्खलित इंग्रजीचे आश्वासन देणाऱ्या जाहिराती गरीब माणसाचे पैसे तर घेतातच, त्याचा स्वतःवरचा विश्वासही घेऊन जातात. तिसाव्या दिवशी त्याला वाटते, आपल्यातच काहीतरी कमी आहे. वास्तविक कमी असतो तो वेळ. वर्ष-सव्वा वर्ष हा काळ फार मोठा नाही, आणि त्यातला प्रत्येक महिना काहीतरी हातात देऊन जातो.

घरी बसून इंग्रजी शिकण्याची महाराष्ट्रातली परंपरा जुनी आहे. सावित्रीबाई फुले यांनी १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘काव्यफुले’ या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, तो शिक्षणाची दारे बंद असलेल्यांसाठी. आनंदीबाई जोशी यांचे इंग्रजी मुख्यतः घरी, पती गोपाळराव यांच्या हाताखाली तयार झाले, आणि अमेरिकेतल्या कार्पेंटरबाईंशी झालेल्या पत्रव्यवहारातून पक्के होत गेले. १८८३ साली अमेरिकेला निघण्यापूर्वी त्यांनी श्रीरामपूर इथे, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरला, इंग्रजीतून जाहीर भाषण केले आणि आपण का जात आहोत हे सांगितले. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. रमाबाई रानडे यांनीही पती न्यायमूर्ती रानडे यांच्या मदतीने घरातच इंग्रजी शिकून घेतले. घरातल्या बायकांची बोलणी खात तो अभ्यास कसा चालला, हे १९१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणींत वाचायला मिळते. आनंदीबाई आणि रमाबाई या दोघींना घरात शिकवणारे कुणी होते, हे खरे. पण नियमित शाळा, वर्ग, सोबतिणी यांतले फारसे काही नव्हते. रोजचा थोडा अभ्यास आणि मिळालेल्या प्रत्येक संधीचा वापर यांवर त्या उभ्या राहिल्या.

सामान्य घरांपर्यंत पोचली ती तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. कित्येक पिढ्यांनी तिच्यावर इंग्रजी गिरवले. तिचे बळ हे की ती मराठी वाक्यापासून सुरू होते. शिकणाऱ्याला जे येते तिथून ती निघते आणि एकेक नियम वाक्यांतून पक्का करते. तिची मर्यादा तिच्या काळाची आहे. पुस्तकाला आवाज नव्हता. त्यामुळे लिहिलेले इंग्रजी अचूक येई, पण कान तयार होत नसत. पुढे ती उणीव नभोवाणीने भरून काढायला घेतली. बीबीसीने १९४३ साली रेडिओवरून इंग्रजीचे धडे द्यायला प्रारंभ केला. २००९ साली बीबीसीच्याच ‘जानाला’ या उपक्रमाने बांगलादेशात मोबाइलवर धडे आणले. ३००० हा क्रमांक फिरवला की तीन मिनिटांचा धडा ऐकू येई. मोबाइल कंपन्यांनी त्या कॉलचा दर मुद्दाम कमी ठेवला होता, आणि छापील धडे वर्तमानपत्रातून घरी येत. ज्या ढाक्यात वेस्ट यांनी अर्ध्यावर शाळा सोडणाऱ्या मुलांचा विचार केला, त्याच शहरात ऐंशी-नव्वद वर्षांनी साध्या मोबाइलवर, चार पैशांत, तीन मिनिटांत पुरा होणारा धडा तयार झाला. आज आपल्या हातात पुस्तक आणि आवाज दोन्ही एकाच वेळी आहेत. तर्खडकरांच्या वाचकाला ही सोय नव्हती.

आता मराठीबद्दल. इंग्रजी शिकताना मराठी विसरा, डोक्यात भाषांतर करू नका, असा उपदेश सर्रास ऐकू येतो. प्रौढ शिकणाऱ्याला तो लागू पडत नाही. मराठी हा आपला पाया आहे. या पायाचा उपयोग कुठे होतो आणि तो कुठे दगा देतो, एवढे कळले की निम्मा गोंधळ संपतो.

आधी दिलासा देणाऱ्या गोष्टी पाहू. मराठी बोलणारा माणूस इंग्रजीपेक्षा कितीतरी अवघड विकार लीलया सांभाळत असतो. घोडा, घोड्याला, घोड्याने, घोड्यांवर; चांगला, चांगली, चांगले, चांगल्या. इंग्रजीत या जागी ‘गुड’ हा एकच शब्द न बदलता चालतो. निर्जीव वस्तूंना लिंग नाही. बाई बोलो की बुवा, ‘आय गो’ हेच रूप. तू, तुम्ही आणि आपण या तिन्हींसाठी ‘यू’ पुरतो. ज्याने हे सगळे मराठीत बालपणीच आत्मसात केले, त्याने इंग्रजी व्याकरणाला भिण्याचे कारण नाही.

घोटाळा होतो तो शब्दांच्या जागांचा. ‘कुत्र्याने मांजराला पकडले’ हे वाक्य ‘मांजराला कुत्र्याने पकडले’ असे उलटे केले तरी अर्थ बदलत नाही, कारण कोण कर्ता आणि कोण कर्म हे प्रत्यय सांगतात. इंग्रजीत हे प्रत्यय नाहीत. तिथे काम जागेवर चालते. आधी करणारा, मग क्रिया, मग ज्याच्यावर क्रिया घडली तो. ‘द डॉग कॉट द कॅट’ उलटे केले की मांजरच कुत्र्याला पकडते. म्हणून क्रियापद दुसऱ्या जागी आणण्याची सवय हा पहिल्या दोन महिन्यांचा मुख्य अभ्यास आहे. त्याच्याच जोडीला शब्दयोगी अव्यये. मराठीत ती नामाच्या मागून येतात, टेबलावर, घरामध्ये. इंग्रजीत ती पुढे उभी राहतात, ‘ऑन द टेबल’, ‘इन द हाउस’.

दुसरी अडचण ‘मला’ आणि ‘आहे’ यांची. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याकडे सायकल आहे’, ‘मला ताप आहे’ या तीन वेगळ्या वाक्यांना इंग्रजीत ‘आय हॅव’ ही एकच सुरुवात चालते. उलट ‘मला भूक लागली आहे’ याला ‘आय ॲम हंग्री’. दोन्हीकडे मराठीतल्या ‘मला’चा इंग्रजीत ‘आय’ होतो, हे एकदा पक्के केले की शेकडो वाक्ये आपोआप सरळ होतात. ‘मला माहीत आहे’ यातला ‘आहे’ पाहून अनेक जण ‘आय ॲम नोइंग’ म्हणतात. तिथे ‘आय नो’ एवढेच पुरते.

तिसरी अडचण प्रश्नाची. मराठीत वाक्याच्या शेवटी ‘का’ लावला की झाले. इंग्रजीत ‘तू चहा पितोस का?’ यासाठी ‘डू यू ड्रिंक टी?’ असा मदतनीस शब्द सुरुवातीला बोलवावा लागतो. ‘डू’, ‘डझ’ आणि ‘डिड’ या तिघांवर सलग पंधरा दिवस खर्च केले तरी ते सार्थकी लागतात. कारण प्रश्न विचारता येणारा माणूस कुठेही अडून राहत नाही. याउलट ‘अ’ आणि ‘द’ यांच्यावर सुरुवातीला जीव आटवू नये. मराठीत त्यांच्यासारखे काही नाही, म्हणून ते चुकणारच. चुकले तरी ऐकणाऱ्याला बहुतेक वेळा अर्थ कळतो. भरपूर वाचनानंतर ते हळूहळू जागेवर येतात.

उच्चार आणि स्पेलिंग यांचेही तसेच. देवनागरीत अक्षर लिहिले की उच्चार ठरतो. इंग्रजीत अक्षरे २६ आणि ध्वनी सुमारे ४४. त्यामुळे एका अक्षराला अनेक कामे करावी लागतात, आणि आपल्याला ते अन्यायाचे वाटते. तरी त्यात बराच नियमितपणा आहे. एम-ए-डी म्हणजे ‘मॅड’, पण शेवटी ई आली की ‘मेड’. एच-ए-टी म्हणजे ‘हॅट’, ई आली की ‘हेट’. ही मूक ई स्वतः बोलत नाही, पण आधीच्या स्वराला बदलते. अशा पंधरा-वीस नियमांनी शेकडो शब्द उलगडतात. देवनागरी इथेही मदतीला येते. मराठीने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ ही चिन्हे इंग्रजी ध्वनींसाठीच रूढ केली, त्यामुळे ‘बेट’ आणि ‘बॅट’ यांतला फरक आपण लिहून दाखवू शकतो. ‘व्हॅन’ आणि ‘वॉच’ आपण वेगळे लिहितो. तो फरक तोंडातही आणायचा. ‘व्ह’साठी वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, ‘व’साठी ओठ गोल होतात. सुरुवातीच्या महिन्यांत इंग्रजी शब्दावर देवनागरी उच्चार लिहायला हरकत नाही. मात्र शब्द ओळखीचा झाला की ती ओळ खोडून टाकावी, नाहीतर डोळे कायम देवनागरीच वाचत राहतात.

साहित्य कुठून आणायचे? पहिले उत्तर घराजवळचेच आहे. १९६७ साली पुण्यात स्थापन झालेल्या ‘बालभारती’ची पाठ्यपुस्तके. मराठी माध्यमाची इंग्रजीची पुस्तके शब्दांच्या आणि रचनांच्या चढत्या क्रमाने तयार केलेली असतात. ती ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. छापील प्रत जुन्या पुस्तकांच्या दुकानात किंवा शेजारच्या मुलाकडे मिळते. चाळिशीतल्या माणसाला तिसरीचे पुस्तक हातात घ्यायला संकोच वाटतो. तो संकोच पहिल्या आठवड्यातच बाजूला ठेवावा. ज्या पुस्तकातली प्रत्येक ओळ कळते, ते पुस्तक योग्य. ज्यात ओळीमागे चार शब्द अडतात, ते पुढच्या वर्षीसाठी.

दुसरे उत्तर, ओळखीच्या गोष्टी. ‘प्रथम बुक्स’ने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संग्रहात हजारो सचित्र गोष्टी मोफत आहेत. त्या वाचनाच्या पातळ्यांनुसार लावलेल्या आहेत, आणि कित्येक गोष्टी मराठी व इंग्रजी दोन्हींत मिळतात. आधी मराठीत वाचावी, मग तीच इंग्रजीत. अर्थ आधीच ठाऊक असला की सगळे लक्ष भाषेकडे देता येते. १९६७ पासून निघणाऱ्या ‘अमर चित्र कथा’ याच कारणाने उपयोगी पडतात. शिवाजी महाराजांची किंवा भीमाची गोष्ट आपल्याला पाठ असते, चित्र बाजूला असते आणि वाक्ये छोटी असतात. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत फोर्टच्या पदपथांवर जुनी पुस्तके चाळायला मिळतात. महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, आणि त्यामुळे गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळते. तिथे बालविभागात इंग्रजी पुस्तके नसतील तर मागणी नोंदवावी. वाचकांनी मागितलेली पुस्तके आणणे हे वाचनालयाचे कामच आहे.

तिसरे, आवाज. आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या रोज असतात. आधी मराठी बातमीपत्र ऐकून मग इंग्रजी ऐकले की नावे आणि घटना ओळखीच्या लागतात. बीबीसीचे इंग्रजी शिकवणारे कार्यक्रम मजकुरासह मिळतात. क्रम असा ठेवावा. एकदा नुसते ऐकायचे, मग मजकूर पाहत ऐकायचे, मग आवाजाच्या मागोमाग मोठ्याने वाचायचे. मोबाइलवर बोललेले टिपून घेणारी जी सोय असते, तिच्यासमोर इंग्रजीत वाक्य म्हणावे. तिने तेच वाक्य लिहिले तर उच्चार कळण्याजोगा आहे. तिने भलतेच लिहिले तर कुठला आवाज चुकला ते पुन्हा ऐकावे. पूर्वी यासाठी मास्तर लागत.

शब्द लक्षात ठेवण्यासाठी सर्वांत स्वस्त साधन म्हणजे पुठ्ठ्याची चिट्ठी. हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवले की नवे शिकलेले सुरुवातीला भराभर विसरले जाते. ठरावीक अंतराने उजळणी केली तर ते टिकते. सेबास्टियन लाइट्नर यांनी १९७२ साली याला घरगुती रूप दिले. एक खोके घ्यायचे आणि त्यात चार-पाच कप्पे करायचे. चिट्ठीच्या एका बाजूला इंग्रजी शब्द आणि छोटे वाक्य, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ. आठवले की चिट्ठी पुढच्या कप्प्यात, चुकले की पुन्हा पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज तपासायचा, पुढचे अधिकाधिक दिवसांनी. आपल्याकडे लग्नपत्रिकांची कमतरता नाही. त्यांच्या कोऱ्या पाठी कापल्या की वर्षभराच्या चिट्ठ्या तयार होतात. मध्ये महिनाभराचा खंड पडला तरी हे खोके तुमचे शिकलेले जपून ठेवते. परत आल्यावर कुठून सुरू करायचे, हेही तेच सांगते.

स्वयंअध्ययनाची खरी दुबळी बाजू अशी की चूक दाखवणारे कुणी नसते. त्यावर उपाय आहेत. इंग्रजी उताऱ्याचे मराठी भाषांतर करावे, दोन दिवस बाजूला ठेवावे, मग मराठीवरून पुन्हा इंग्रजी लिहावे आणि मूळ उताऱ्याशी ताडून पाहावे. जिथे फरक पडला तिथेच शिकायचे आहे. ऐकून लिहिणे हाही तसाच उपाय. आवाज थांबवत थांबवत लिहावे आणि मजकुराशी जुळवावे. बोलण्यासाठी मात्र माणूस हवा. घरातली शाळकरी मुलगी, बचत गटातली मैत्रीण, पाळीवरचा सहकारी, कुणीही चालेल. आठवड्यातून दोनदा दहा मिनिटे ठरवून फक्त प्रश्न आणि उत्तरे. आपल्या मुलीसोबत शिकणारी आई मुलीचाही अभ्यास पक्का करते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

अर्ध्या तासाची विभागणी अशी ठेवावी. पहिली पाच मिनिटे चिट्ठ्या, पुढची दहा मिनिटे वाचन, दहा मिनिटे रचनेचा एक धडा लिहून, आणि शेवटची पाच मिनिटे ऐकून मोठ्याने म्हणणे. ज्या दिवशी अर्धा तास मिळणार नाही त्या दिवशी फक्त चिट्ठ्या. पुढचे धडे याच हिशेबाने आखले आहेत. प्रत्येक धडा स्वतंत्र आहे आणि प्रत्येकाच्या शेवटी व्यवहारातले एक काम आहे. पहिल्या भागात पाट्या, तारखा, औषधांची माहिती आणि बँकेचे संदेश वाचणे. दुसऱ्यात फॉर्म भरणे आणि छोटा निरोप लिहिणे. तिसऱ्यात विचारणे आणि उत्तर देणे. पहिल्या भागानंतर थांबलात, तर तुमचा मोबाइल दुसऱ्याच्या हातात द्यावा लागणार नाही. दुसऱ्यानंतर थांबलात, तर सायबर कॅफेचे पैसे वाचतील. हा नफा छोटा वाटेल, पण तो कायमचा आहे. पुढे शिकायचे असेल तेव्हा त्यावरच उभे राहता येते.

या अभ्यासाने काय होणार नाही, तेही सांगायला हवे. मोठ्या कंपनीतली मुलाखत, इंग्रजीतून घेतलेले उच्च शिक्षण, वर्तमानपत्रातला अग्रलेख ही पुढची पायरी आहे. तिथे शिक्षकाची गरज लागू शकते. पण ज्याचा पाया पक्का आहे, त्याने क्लासची फी भरली तर ती फुकट जात नाही. तो पहिल्या दिवसापासून काय विचारायचे हे जाणून बसतो.

शेवटची गोष्ट मनाची. आपल्या समाजात इंग्रजी हे माणसाची पत ठरवण्याचे हत्यार झाले आहे. कुणाचा उच्चार चुकला की हसणे, कुणाला येत नाही म्हणून खालच्या आवाजात बोलायला लावणे, हे रोज घडते. ज्यांनी हे सोसले आहे त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की इंग्रजी न येणे हा तुमच्या बुद्धीवरचा शेरा नाही. तुम्ही ज्या मराठीत विचार करता, हिशेब करता, भांडता, समजूत घालता, ती भाषा समृद्ध आहे आणि तीच तुम्हाला दुसऱ्या भाषेत नेणार आहे. इंग्रजी शिका ते कामासाठी, माहितीसाठी, हक्काच्या कागदावर काय लिहिले आहे ते स्वतः वाचण्यासाठी. कुणापुढे मोठे दिसण्यासाठी नको. आणि ज्यांना इंग्रजी येते त्यांना विनंती आहे की ओळखीतल्या एका माणसाला आठवड्याची दहा मिनिटे द्या, आणि त्याच्या चुकीला हसू नका.

या पुस्तकासाठी एक वही, एक पेन, पुठ्ठ्याच्या थोड्या चिट्ठ्या आणि कुणाचा तरी मोबाइल एवढी सामग्री पुरे आहे. पहिला धडा ओळखीच्या शब्दांचा आहे. तो वाचण्याआधी तुमच्या कामात, घरात आणि गावात रोज कानावर पडणारे इंग्रजी शब्द वहीत मराठी अक्षरांत लिहून काढा. जितके सुचतील तितके लिहा. मग पुढचे पान उलटा आणि त्या शब्दांचे स्पेलिंग शोधायला लागा.